सोडलेलं मीठ

माझ्या नवऱ्याचा कप वाजायला लागला, तेव्हा मी आधी कपबशीला दोष दिला. तासगावच्या बाजारातून आणलेला स्वस्तातला जोड, बूड सरळ नसेल. म्हणून मी पाहुण्यांसाठी ठेवलेली बशी काढली. त्या बशीतही कप वाजला. मग माझं लक्ष कपावरून हातावर गेलं.

जयराजचा हात असातसा नव्हता. आमच्या भागात तेव्हा द्राक्षबागा रानटी खुंटावर बांधायचं नवं वारं आलं होतं. आधी जंगली जातीची रोपं लावायची. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की भाद्रपदाच्या सुमाराला जमिनीपासून वीतभरावर छाटायची, खुंट मधोमध चिरायचा, आणि थॉमसन नाहीतर सोनाका जातीच्या द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायचं. सालीला साल बरोबर लागली तर काडी फुटते, केसभर सरकली तरी वाळून जाते. जयराजनं बांधलेलं कलम वाळलं असं क्वचितच कुणी सांगायचं. लोक आपल्या बागेत त्याची तारीख मिळावी म्हणून आषाढापासूनच खेपा घालायचे, आणि हा पठ्ठ्या ओट्यावर बसून चाकू पाजळत त्यांना झुलवायचा. मला तो रुबाब आवडायचा, खोटं कशाला बोलू?

तर तो हात थरथरायला लागला. कशानं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. गोळीनं.

गोळी कशी आली ते सांगायला हवं. लग्नाला चार वर्षं झाली होती. एका उन्हाळ्यात जयराजची झोप उडाली. आधी वाटलं, बागेचं काम आहे. मग तो इतका बोलायला लागला की त्याचं बोलणं त्याच्याच पायात यायचं. एक दिवस आमची तोडलेली सगळी द्राक्षं, व्यापाऱ्यासाठी भरलेल्या पेट्यांसकट, त्यानं ट्रॅक्टरमध्ये घातली आणि तासगावच्या एसटी स्टँडवर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीत वाटली. विट्याची गाडी, कवठ्याची गाडी, सांगलीची गाडी. कंडक्टरच्या गळ्यात घड बांधले. लोक हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, द्राक्षं खाल्ली आणि घरी गेले. आजही एखादा शहाणा मला स्टँडवर विचारतो, "काय वैनी, औंदा वाटप कवा?" त्याला मी जे उत्तर देते ते इथं लिहिता येणार नाही.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाला तोच माणूस बेदाण्याच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून पडला. जेवायला नको, बोलायला नको, पोरीनं हाक मारली तरी मान वळवायची नाही. एकदा मला म्हणाला, "क्रांती, मी नसलो तर तुला सोपं जाईल." त्या वाक्याची भीती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. गावात कुणी बाहेरचं सांगितलं, कुणी करणी सांगितली. मी उंब्रजची. बेचाळीसच्या गोष्टी सांगत म्हातारे झालेल्या वडिलांनी माझं नाव क्रांती ठेवलेलं. मी कुणाचं न ऐकता नवऱ्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हा चढ-उताराचा आजार आहे. मन एकदा चढतं, एकदा उतरतं. मधली सपाटी त्याला स्वतःहून सापडत नाही." गोळ्या दिल्या. रक्त तपासायचं वेळापत्रक दिलं. आणि निघताना, जयराज अजून भानावर नव्हता म्हणून, मला दोनदा बजावलं, "पाणी भरपूर प्यायचं. जेवणातलं मीठ एकाएकी कमी करायचं नाही. मीठ कमी झालं की हे औषध शरीरात साठतं, आणि साठलं की ते विषच."

गोळीनं खरंच सपाटी आली. पण ती फुकट आली नाही. त्याला घागरभर तहान लागायची, रात्रीतून तो चारदा उठायचा. अंग सुटलं. तोंडाला पत्र्याची चव यायची. आमची लेक शाळेत धावण्यात पहिली आली, पळत येऊन त्याच्या गळ्यात पडली, तर हा म्हणाला, "बरं झालं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मला कळतंय गं, आनंद व्हायला पायजे. तो दाराशी यून थांबतोय, आत येत न्हाई." ज्या माणसाला मी भिंतीकडे तोंड करून पडलेला पाहिलं होतं, तो माझ्यासमोर बसून भाकरी खात होता. मला तेवढं पुरत होतं. त्याला पुरत नव्हतं, हे कळत असूनही मला पुरत होतं.

आणि मग कप वाजायला लागला.

पहिल्या हंगामात त्यानं ती थरथर कशीबशी लपवली. कोपर गुडघ्यावर टेकवून कलमं बांधली. दुसऱ्या हंगामात, म्हणजे शहाण्णव साली, लालासाहेबांच्या नव्या बागेत चाकू सटकला आणि डाव्या अंगठ्यात शिरला. लालासाहेब म्हणजे आमच्या शिवेवरचे मोठे बागायतदार, मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. सगळ्या गड्यांच्या देखत म्हणाले, "जयराज, तू आता पट्ट्या बांध. काड्या ते पोरगं तासंल." ते पोरगं म्हणजे जयराजनंच शिकवून तयार केलेला एक जण. जयराजनं दिवसभर मान खाली घालून पट्ट्या बांधल्या. घरी आला, चाकू फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला, "हंगाम संपंस्तोवर गोळी बंद ठेवतो."

मी सरळ सांगितलं, "गोळी बंद झाली तर मी पोरीला घिऊन उंब्रजला जाते. परत बोलवाया येऊ नगा."

"दोन म्हैन्याचा तर सवाल हाय."

"स्टँडवरची द्राक्षं एका दिसात वाटलीसा तुमी. दोन म्हैने लय झाले."

त्याला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. शेवटी त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, गोळी चुकवणार नाही.

हे सगळं सासूबाई चुलीपुढं बसून ऐकत होत्या. शालूबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या घरची एक रीत आहे. घरात काही अडलं की देवाला काहीतरी सोडायचं. माझे दीर मानसिंग मिलिटरीत भरती व्हावेत म्हणून आत्यांनी वांगं सोडलं. ते भरती झाले आणि वांगं कायमचं गेलं. थोरल्या नणंदेला मूल व्हावं म्हणून पेरू सोडला. चुलत सासऱ्यांनी गूळ सोडलेला, आजेसासूंनी म्हणे पोळीच सोडली होती. नवी सून घरात आली की तिला आधी शिकवतात ते कुणाचं काय सुटलंय. आणि एकदा आमच्या कुलदैवताला, खरसुंडीच्या नाथाला, शब्द दिला की तो मागं घेता येत नाही. फार तर घरातलं दुसरं कुणी तो आपल्या अंगावर घेऊ शकतं. मी ह्याची टिंगल करायचे. "आत्या, एक दिस कुणीतरी भाकरी सोडंल, मग नाथानंच यून सैपाक करावा." त्या हसायच्या नाहीत.

गौरी-गणपती उरकले आणि माझ्या वडिलांचा पाय मोडला. मला उंब्रजला जावं लागलं. लेकीला बरोबर घेतलं. जाताना जयराजच्या हातात गोळ्यांची पाकिटं दिली, रोज बघायची म्हणून आत्यांनाही दाखवली. आत्या म्हणाल्या, "जा बाई, तुझा नवरा माझाबी कुणीतरी हाय." मी निघाले.

वडिलांना प्लास्टर घालून झालं, ते काठीवर उभे राहिले, मग मी परतले. गाडीतून उतरून मळ्याच्या वाटेला लागले तर समोरून लालासाहेबांचा गडी केरबा आला. मला बघून जरा घुटमळला. "वैनी, रागावू नगा. पर जयराजभाऊंनी घ्याया सुरवात केलीया काय? दोन-तीन दीस झाले, चालताना झोल जातोय. बोलणंबी जड."

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं. तरी माझ्या मनात आलं, आता हेही का? असा राग आला की वाटेत चप्पल पायातून सुटली ती मी तशीच हातात घेऊन घर गाठलं.

जयराज बाजेवर होता. हात आता थरथरत नव्हता, फेकला जात होता. ओठ कोरडे. मला बघून हसला आणि काहीतरी बोलला, त्यातलं फक्त "आलीस" एवढं कळलं. तोंडाजवळ गेले. दारूचा वास नव्हता, ओकारीचा होता.

"काल सकाळधरनं उलट्या, जुलाब," आत्या म्हणाल्या. "ऊन लागलंय. भादव्याचं ऊन, आन् ह्यो दिसभर रानात. तू आधी दोन घास खा, तांबडी झालीयास. मग बघू."

मला घास जाणार नव्हता. पण लेक भुकेजली होती, तिला वाढायला मी भांड्याचं झाकण काढलं. भाकरी कुस्करून आमटी घातली, पोरीनं तोंडात घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी बोट बुडवून चाखलं.

"आत्या, आमटीत मीठ न्हाई."

"ते जयराजचं भांडं हाय. तुमचं त्या तिकडं."

"त्याच्यात मीठ का न्हाई?"

आत्यांनी पदर सारखा केला. मला ते अजून दिसतं, पदर सारखा करताना त्यांच्या चेहऱ्यावर चांगलं काही केल्याचं समाधान होतं. "खरसुंडीला जाऊन आले मी. नाथाला सांगितलं, माझ्या लेकाचा हात थांबू दे, कलमाचा हंगाम हुईस्तोवर तो मिठाला शिवणार न्हाई. वांगं-पेरू आता लय बारीक वाटतं गं. दुखणं मोठं, तर सोडायचंबी मोठं पायजे. आन् ज्याचं दुखणं त्यानं सोडायचं असतं. त्यानंबी कबूल केलं. लोणचं न्हाई, पापड न्हाई, भाकरीच्या पिठातबी न्हाई. एक दीस मोडला न्हाई."

"आन् गोळी?"

"गोळीबी एक चुकली न्हाई. मी रोज बघितली की."

बायकोला दिलेला शब्द आणि आईला दिलेला शब्द, दोन्ही त्या माणसानं एकाच वेळी पाळले होते. भाद्रपदाच्या उन्हात घाम गाळत, मिठाशिवाय, रोजची गोळी घेत.

मी आत्यांना काय काय बोलले ते आठवत नाही. बोलले मात्र ओरडून, कारण शेजारच्या वस्तीवरची माणसं धावत आली. केरबानं लालासाहेबांची जीप आणली. लालासाहेब स्वतः चालवायला बसले. मिरजेपर्यंत जयराजचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याचे पाय आत्यांच्या. वाटेत त्याला एक झटका आला. त्याचे डोळे वर गेले, तेव्हा आत्या मोठ्यानं नाथाचा धावा करायला लागल्या. मी म्हणाले, "त्याचं नाव घिऊ नगा माझ्यापुढं." त्यांनी लेकाचे पाय घट्ट धरले.

डॉक्टरांनी रक्त काढलं आणि लगेच सलाईन लावलं. एकदा सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, पण ह्या वेळी बजावून नाही, थकून. औषध अंगात साठलं होतं. मूत्रपिंडांवर ताण आला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं.

आत्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. थेंब पडत होते त्या बाटलीकडे बघत त्यांनी नर्सला विचारलं, "बाई, त्या बाटलीत काय असतं?"

नर्स घाईत होती. "मिठाचं पाणी, आजी."

आत्या भिंतीला टेकून बसल्या आणि ती बाटली रिकामी होईस्तोवर तिच्याकडे बघत राहिल्या. दुसरी लावली, तीही पाहिली. मला त्या वेळी त्यांची दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, पण नाही आली.

जयराज वाचला. बोलणं सुटं झालं, पाय सरळ पडायला लागले. घरी जाताना डॉक्टर म्हणाले, "आता रक्तातलं प्रमाण खाली आलंय. गोळी पुन्हा सुरू करायची, आधीपेक्षा कमी. थरथर कमी करायला दुसरी एक छोटी गोळी देतो. पण खरं सांगतो, हात अगदी पहिल्यासारखा होईल असं नाही."

"मग मला नगं," जयराज म्हणाला. शांतपणे म्हणाला. "ह्या गोळीनं मराया टेकलो हुतो. कलम येत न्हाई, हसू येत न्हाई. मी जगतोय त्ये कशाला मग?"

"गोळीनं नव्हं, मीठ सोडल्यानं," मी म्हणाले.

"तुमाला त्ये दोन वाटतंय. मला एकच हाय."

घरी आल्यावर पाकीट भिंतीतल्या देवळीत पडून राहिलं. मी रोज सकाळी ते त्याच्या ताटाशी ठेवायचे, तो ते उचलून परत देवळीत ठेवायचा. आत्यांशी मी बोलणं टाकलं होतं. त्या बाहेरच्या चुलीवर त्यांचं करून खायच्या. घरात तीन मोठी माणसं, आणि शब्द फक्त लेकीच्या तोंडी.

आणि हात थांबला. हे मला मान्यच करावं लागेल. अंगातून औषध उतरलं तसा हात पूर्वीसारखा झाला. एके सकाळी त्यानं चाकू बाहेर काढला, दगडावर पाजळला आणि आमच्याच बांधावरच्या राहिलेल्या खुंटांवर बसला. मी पाणी घेऊन गेले. दोन झटक्यांत काडी तासली, पाचर अशी बसली की सांधा शोधावा लागावा. त्यानं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, आत आलेला, खराखुरा. माझा नवरा मला किती दिवसांनी दिसला होता. मी तिथंच उभी राहून रडले. त्याला वाटलं आनंदानं. अर्धी आनंदानंच.

लालासाहेबांनी पुन्हा बोलावलं. तो भराभर कामं उरकायला लागला. पहाटे उठायला लागला, गुणगुणायला लागला. मला वाटलं, असू दे, माणूस खूश आहे. मग एक दिवस घरातले सगळे चाकू, विळ्या, कोयते, शेजाऱ्यांचे खुरपे, सगळं ओट्यावर मांडून तो पाजळत बसलेला दिसला. म्हणाला, "क्रांती, पुढल्या साली आक्का तालुका मी एकटा बांधणार. शिरवळापतूर जाणार. तिकडं कंपनीवाल्यांना सांगून कलमाचा कारखानाच काढू." डोळे लकाकत होते. बोलणं पायात येत होतं. स्टँडवरची द्राक्षं मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि त्यांच्या मागची ती शेडमधली भिंत.

मी पाकीट हातात घेऊन त्याच्यामागं फिरले. विनवण्या केल्या, भांडले, उंब्रजची धमकी दिली. तो हसला. "आता मी बरा हाय की गं. बऱ्या माणसाला औशीद?" चढत्या माणसाशी भांडता येत नाही. त्याला सगळं खालचं बारीक दिसतं.

त्या दुपारी तो जेवायला न बसता अंगणात येरझाऱ्या घालत होता. आत्या बाहेरच्या चुलीपाशी ताट घेऊन बसल्या होत्या. लहानपणापासूनची त्याची खोड, आई जेवत असली की जाता जाता तिच्या ताटातला घास उचलायचा. तसा त्यानं वाकून घास उचलला, तोंडात टाकला, आणि थांबला.

"आई, मीठ विसरलीस."

"विसरले न्हाई."

"म्हंजी?"

आत्यांनी ताट जरा बाजूला सरकवलं. "नाथाला शब्द दिलाय, हंगाम हुईस्तोवर मीठ न्हाई. तुझ्याच्यानं तो पाळणं झालं न्हाई, त्यात तुझी चूक न्हाई. पर शब्द तर पडलाय. कुणीतरी उचलाया पायजे. म्हणून मी घेतला."

"हंगाम तर सरला, आत्या," मी म्हणाले. कित्येक दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले होते.

"त्यो पयला शब्द. दुसरा मी दवाखान्यात दिलाय, त्या बाटल्यांकडं बघत." त्या माझ्याकडे न बघता लेकाकडे बघत बोलत होत्या. "माझ्या हातानं तुझं मीठ तोडलं. आता हाय तवर माझं तोडलं. तू जग, एवढंच मागितलं. हाताचं न्हाई मागितलं पुन्हा. चुकीचं मागितलं हुतं मी."

जयराज उभाच होता. तोंडातला घास त्यानं गिळला नव्हता. तो चढलेला होता, पण आई त्याला तिथूनही दिसली. ते माझं नशीब. चार दिवस उशीर झाला असता तर दिसली नसती.

मी पाकीट पुढं केलं. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. स्थिर होता, त्याच दिवशी त्यानं त्या हातानं लालासाहेबांची शेवटची ओळ बांधली होती.

"ह्यो हात परत जाईल, क्रांती."

"जाईल."

"मग?"

"हात गेला तर तुमी ऱ्हाताय," मी म्हणाले. "तुमी गेलासा तर नुसता हात घिऊन मी काय करू?"

तो खाली बसला. आत्यांच्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी मी त्याला मिरजेला नेलं. वर चढलेलं मन खाली यायला डॉक्टरांनी आणखी औषधं दिली, त्यानं तो महिनाभर झोपाळलेला होता. पण द्राक्षं वाटली गेली नाहीत, आणि भिंतीकडे तोंड करून कुणी पडलं नाही.

हात परत गेला, त्यानं सांगितलं होतं तसाच. आधीएवढा नाही, पण चाकू धरवेना इतका. आता तो बांधावर बसून दाखवतो आणि काड्या मी तासते. माझी पहिली कितीतरी कलमं वाळली. तो हसायचा, "क्रांतीनं केलेलं हाय, जगंल कसं?" तो हसतो हेच मला नवल वाटतं. आनंद अजून दाराशी घोटाळतो त्याचा, पण एखाद्या दिवशी आत येऊन बसतो, पाणी पिऊन जातो.

आत्यांच्या मिठावरून मी पुष्कळ भांडून पाहिलं. डॉक्टरांची भीती घातली, नाथाची घातली. त्या ऐकत नाहीत. वांगं, पेरू आणि मीठ. त्यांच्यासाठी आमटी वेगळी काढते, मीठ घालायच्या आधी. आणि जयराजच्या ताटात मीठ वाढायचं ते त्याच वाढतात, रोज, स्वतःच्या बोटांनी. तिथं मला हात लावू देत नाहीत.

कप अजून वाजतो. सकाळी मी आत स्वयंपाकघरात असते, तो ओट्यावर चहा पितो, आणि बशीत कप किणकिणतो. पूर्वी त्या आवाजानं माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. आता तो ऐकू आला की मी निवांत पीठ मळते. औषध अंगात आहे. तो आहे.

परवा कप वाजला नाही. मी कान देऊन थांबले. पुन्हा थांबले. मग पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावले. देवळी, पाकीट, स्टँड, शेड, सगळं त्या चार पावलांत डोळ्यांपुढून गेलं.

तो ओट्यावर बसून चहा पीत होता. आत्या समोर उकिडव्या बसल्या होत्या. लेकाला लाज वाटू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी बशी आणि कपाचं बूड घट्ट धरलं होतं.

"सोडा, आत्या," मी म्हणाले. "बशी सोडा. मला ऐकू येऊ द्या."

त्यांनी सोडली. कप वाजला.